पेशी शाबूत, यकृत ठप्प: लेप्टोस्पायरोसिसच्या एका रुग्णाचा प्रकरण अभ्यास

बिलिरुबिन १८.४, एएलटी ७४. रुग्णाच्या कागदांतले हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले की कोणताही डॉक्टर थबकतो. निरोगी माणसाच्या रक्तात बिलिरुबिन दर डेसिलिटरला १ मिलिग्रॅमच्या आत-बाहेर असते. इथे ते अठरापट झाले होते. एएलटी हे यकृताच्या पेशींच्या आत राहणारे विकर. पेशी फुटली, मेली की ते रक्तात सांडते. विषाणूच्या काविळीत हा आकडा बहुधा हजाराच्या घरात जातो. इथे तो ७४, म्हणजे वरच्या मर्यादेच्या जेमतेम दुप्पट. यकृताचे एक मोठे काम बंद पडले होते, पण यकृताच्या पेशी मात्र जिवंत होत्या.

अणू-रेणू, पेशी, ऊती, इंद्रिय, इंद्रियसंस्था, शरीर: हे स्तर आपण सगळे शाळेत पाठ करतो, परीक्षेत क्रमाने लिहितो आणि विसरून जातो. मला ते नेहमीच जीवशास्त्रातले फार मोलाचे प्रकरण वाटत आले आहे. लहानाकडून मोठ्याकडे जाणारी यादी म्हणून ते शिकवले जाते, याचे वाईट वाटते. प्रत्येक स्तरावर अशी काही गोष्ट जन्माला येते, जी खालच्या स्तरावर कुठे शोधूनही सापडत नाही. म्हणूनच खालचा स्तर धडधाकट असताना वरचा स्तर मोडू शकतो. पुढचा रुग्ण त्याचे इतके स्वच्छ उदाहरण आहे की ते सविस्तर लिहून ठेवावेसे वाटले.

रुग्ण

वय ४६, पुरुष, गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या मांडवीकाठच्या एका गावचा शेतकरी. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. घरची थोडी खाजन जमीन, म्हणजे नदीचे खारे पाणी बांध घालून अडवलेले शेत; तिच्यात पावसाळ्यात भात. जुलैच्या सुरुवातीला लावणी चालू होती. चिखलणीपासून तरवा लावून होईपर्यंतचे सगळे दिवस गुडघाभर पाण्यात, अनवाणी गेलेले. उजव्या टाचेला खोल भेग होती. तिच्यावर रात्री खोबरेल लावायचे आणि सकाळी पुन्हा चिखलात उतरायचे, असा क्रम.

लावणी आटोपून आठवडा उलटल्यावर थंडी वाजून ताप भरला. डोके, कंबर आणि विशेषतः पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की बायकोने तेल लावायला हात लावला तरी कळ यायची. डोळे लालबुंद झाले, पण डोळे आल्यावर येते तशी चिपडे नव्हती. गावातल्या दवाखान्यात रक्त तपासले तेव्हा प्लेटलेट कमी निघाल्या. दिवस डेंगीचे, त्यामुळे शंका तीच आली. डेंगीची एनएस-१ चाचणी मात्र नकारात्मक निघाली. पाचव्या दिवशी डोळ्यांत पिवळेपणा उतरला आणि घरच्यांनी कावीळ म्हणून पाल्याचे औषध सुरू केले. त्या औषधाने जुलाब झाले. शिवाय कुणीतरी सांगितले की काविळीत किडनीवर भार नको, म्हणून पाणीही कमी केले. या दोन्ही गोष्टी घरच्यांनी मायेपोटी केल्या. पुढे त्या किती महागात पडू शकल्या असत्या ते येईलच.

सातव्या दिवशी भाच्याने त्यांना आमच्याकडे आणले. भाचा बारावी विज्ञानाचा, सगळे रिपोर्ट मोबाइलमध्ये तारखेप्रमाणे लावून ठेवलेले. दाखल करताना रक्तदाब ९४/६०, नाडी ११२, जीभ कोरडी, डोळे पिवळे आणि लालही. हे दोन रंग एकत्र दिसले की पावसाळ्यात लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूचा आजार, मनात यायलाच हवा. पोटऱ्या दाबल्यावर ते अक्षरशः ओरडले.

रक्ताचे आकडे असे आले. एकूण बिलिरुबिन १८.४, त्यापैकी यकृताने प्रक्रिया केलेले, म्हणजे डायरेक्ट, १४.९. एएलटी ७४, तसेच दुसरे विकर एएसटी ११२. रक्त गोठण्याचा आयएनआर १.१, म्हणजे सामान्य. मूत्रपिंडे नीट गाळत नसली की रक्तात साचणारे क्रिएटिनिन ४.१, म्हणजे बरेच वाढलेले. पोटॅशियम २.९, म्हणजे कमी. पांढऱ्या पेशी १५,६००, प्लेटलेट ४८,०००. स्नायूंच्या इजेचे सीपीके वाढलेले. सोनोग्राफीत पित्ताशयात खडा नाही, पित्तवाहिन्या फुगलेल्या नाहीत, यकृत किंचित मोठे. आणि मूत्रपिंडे बिघडलेली असूनही पहिल्या चोवीस तासांत लघवी अडीच लिटरच्या वर.

लेप्टोस्पायराविरुद्धची आयजीएम चाचणी सकारात्मक आली. पण उपचार तिच्यासाठी थांबले नव्हते. ते पहिल्याच संध्याकाळी सुरू झाले होते. ही चाचणी पहिल्या चार-पाच दिवसांत अनेकदा नकारात्मक येते. या आजारात अहवालाची वाट पाहत बसणे रुग्णाच्या हिताचे नसते.

कावीळ कोणत्या स्तरावरची?

भाच्याने विचारले, "डॉक्टर, मामाचं लिव्हर फेल झालं का?" याचे हो किंवा नाही असे उत्तर देता येत नव्हते. म्हणून त्याला वहीचे पान घ्यायला सांगितले आणि बिलिरुबिनचा प्रवास काढून दाखवला. तोच इथे मांडतो, कारण या रुग्णाचे सगळे निदान त्या प्रवासात आहे.

तांबडी रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगते. ती मोडली की तिच्यातल्या हिमोग्लोबिनमधून बिलिरुबिन तयार होते, रोज साधारण २५० ते ३०० मिलिग्रॅम. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून अल्ब्युमिन या प्रथिनाच्या आधाराने रक्तातून यकृतापर्यंत येते. यकृताची पेशी ते आत ओढून घेते आणि एका विकराच्या मदतीने त्याला साखरेचा एक घटक जोडून पाण्यात विरघळण्याजोगे करते. मग पेशीच्या दुसऱ्या अंगाला असलेल्या पंपातून ते पित्तात ढकलले जाते. पित्ताच्या सूक्ष्म नलिका एकत्र येत मोठ्या वाहिन्या होतात, आणि त्या वाहिन्यांतून पित्त आतड्यात उतरते.

आता यातली प्रत्येक पायरी वेगळ्या स्तरावर मोडू शकते. रक्तपेशीच भराभर फुटू लागल्या, किंवा साखर जोडणारे विकर जन्मतः अशक्त असले, तर प्रक्रिया न झालेले बिलिरुबिन वाढते. या रुग्णात बहुतेक सगळे प्रक्रिया झालेले होते, म्हणजे विकराने आपले काम चोख केले होते. रेणूच्या स्तरावर दोष नव्हता. हिपॅटायटिस ए किंवा ई असता तर यकृताच्या पेशी मोठ्या प्रमाणावर मेल्या असत्या आणि एएलटी हजारावर गेला असता. तोही नव्हता. शिवाय रक्त गोठवणारी बहुतेक प्रथिने याच पेशी बनवतात आणि आयएनआर तर सामान्य होता. म्हणजे पेशी नुसत्या जिवंतच नव्हत्या, कामही करत होत्या. उरला तिसरा प्रकार: खडा किंवा गाठ अडकून मुख्य पित्तवाहिनी तुंबणे, म्हणजे सबंध इंद्रियाच्या स्तरावरचा अडथळा. सोनोग्राफीने तोही बाद केला.

रेणू ठीक, पेशी ठीक, इंद्रियाच्या वाहिन्याही मोकळ्या. मधला एकच स्तर शिल्लक राहतो, तो म्हणजे ऊती.

दोन पेशींच्या मधली जागा

यकृताच्या पेशी एकमेकींना चिकटून ओळींत, पातळ पदरांसारख्या रचलेल्या असतात. प्रत्येक पेशीचे एक अंग रक्ताकडे असते आणि दुसरे शेजारणीकडे. शेजारशेजारच्या दोन पेशींच्या मध्ये एक बारीक पोकळी राहते, सुमारे १ मायक्रोमीटर रुंदीची. पित्ताचा उगम इथे होतो. या पोकळीला स्वतःची भिंत नाही. एका बाजूची भिंत एका पेशीची, समोरची दुसरीची, आणि दोन्ही कडांना त्या पेशी एकमेकींना घट्ट जोडणारे प्रथिनांचे सांधे. त्या सांध्यांमुळेच पित्त एका बाजूला आणि रक्त दुसऱ्या बाजूला राहते.

म्हणजे पित्ताची ही पहिली नलिका कोणत्याही एका पेशीच्या मालकीची नाही. एक पेशी वेगळी काढून सूक्ष्मदर्शकाखाली कितीही न्याहाळली तरी ती नलिका तिच्यात सापडणार नाही. दोन पेशी एका विशिष्ट रीतीने शेजारी आल्या, एकमेकींना चिकटल्या, की ती अस्तित्वात येते. ऊतीचा स्तर म्हणजे काय, याचे याहून नेमके उत्तर मला ठाऊक नाही.

लेप्टोस्पायरा हा मळसुत्रासारखा पीळ असलेला जिवाणू. लांबी साधारण ६ ते २० मायक्रोमीटर, जाडी अवघी ०.१ मायक्रोमीटर. भेगाळलेल्या टाचेतून, ओरखड्यातून किंवा डोळ्या-नाकाच्या ओल्या त्वचेतून तो आत शिरतो आणि रक्ताबरोबर सगळीकडे पोहोचतो. यकृतात तो पेशींच्या आत घुसून त्यांना मारण्यापेक्षा त्यांच्या मधल्या फटींत शिरतो. २०१४ साली जपानी संशोधकांनी हॅमस्टरांवर केलेल्या अभ्यासात हे दिसून आले: जिवाणू पेशी-पेशींच्या मध्ये घुसले, तिथले सांधे उखडले, आणि नलिकेतले पित्त उलटे रक्ताच्या बाजूला गळू लागले. लेप्टोने दगावलेल्या माणसांच्या यकृतात पेशींच्या ओळी विस्कटलेल्या, पेशी एकमेकींपासून सुट्या झालेल्या दिसतात, हे विकृतिशास्त्राच्या डॉक्टरांना त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होते. त्या दृश्याचा काविळीशी असलेला संबंध या अभ्यासाने उलगडला.

रुग्णाला हे समजावताना मला त्यांच्या खाजनाचाच आधार घ्यावा लागला. नदी ठीक आहे, शेत ठीक आहे, पण बांधाला भगदाड पडले तर खारे पाणी भातात येते. शेताची माती तपासून दोष सापडणार नाही. ते चटकन म्हणाले, "म्हणजे बांध घातला की झालं." उपचाराची दिशा त्यांनी अचूक सांगितली होती. पेशी नव्याने वाढायची वाट पाहायची नव्हती, आहेत त्या पेशींना पुन्हा एकमेकींना धरू द्यायचे होते. जिवाणू गेला की ते काम त्या स्वतःच करतात. म्हणूनच लेप्टोच्या काविळीतून वाचलेल्या माणसाचे यकृत मागे व्रण न ठेवता पूर्ववत होते. बिलिरुबिन कितीही चढले असले तरी नातेवाइकांना हे ठामपणे सांगता येते.

वैद्यकाचा उतरता प्रवास

इथे थोडे विषयांतर करतो. आजाराचे घर कुठे, या प्रश्नाचे उत्तर वैद्यकाने इतिहासात एकेक पायरी खाली उतरत दिले आहे. १७६१ मध्ये इटलीतल्या मोर्गाग्नीने शवविच्छेदनांच्या आधारे सांगितले की आजार इंद्रियांत असतो. १८०१ मध्ये फ्रान्सच्या बिशाने सांगितले की इंद्रियांत नव्हे, ती ज्यांची बनली आहेत त्या ऊतींत. त्याने २१ प्रकारच्या ऊती वेगळ्या ओळखल्या, तेही सूक्ष्मदर्शक न वापरता. शिजवून, वाळवून, कुजवून, आम्लात ठेवून त्या कशा वागतात ते पाहत. वयाच्या तिसाव्या वर्षी तो गेला. १८५८ मध्ये जर्मनीच्या फिर्खोने आजार पेशीत आणून ठेवला. १९४९ मध्ये पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी सिकल सेल हा हिमोग्लोबिनच्या रेणूचा आजार असल्याचे दाखवले.

या प्रवासातून मिळालेले ज्ञान अफाट आहे. पण त्याची एक सवय लागली: जितके खाली, तितके खरे, असे वाटू लागले. बिशाचा मधला स्तर मागे पडला. आजही कावीळ म्हटले की यकृताच्या पेशी मेल्या असणार, असेच आपण गृहीत धरतो. डॉक्टरही धरतात. लेप्टोची कावीळ १८८६ मध्ये वाइलने वर्णन केली, १९१५ च्या सुमारास जपानमध्ये इनाडा आणि इडो यांनी तिचा जिवाणू शोधला, आणि तरी पेशी जिवंत असताना एवढी कावीळ कशी, याचे नेमके उत्तर मिळायला शंभरेक वर्षे लागली. बिशाचा प्रश्न पुन्हा विचारायला हवा होता, असे मला मनापासून वाटते.

मूत्रपिंड: इथे मात्र दोष खालच्या स्तरावर

यकृताचा उलगडा झाला तरी या रुग्णाच्या जिवाला खरा धोका मूत्रपिंडाकडून होता. आणि तिथे वेगळाच स्तर बिघडला होता. एकाच जिवाणूने एकाच शरीरात दोन इंद्रिये दोन निराळ्या पातळ्यांवर मोडावीत, हे मला या आजारातले सर्वांत विलक्षण वाटते.

माणसाच्या प्रत्येक मूत्रपिंडात साधारण १० लाख नेफ्रॉन, म्हणजे एक गाळणी आणि तिला जोडलेली नलिका असे घटक असतात. दोन्ही मिळून रोज सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला ९९ टक्के परत रक्तात घेतात. म्हणून लघवी दीड-दोन लिटरच होते. परत घेण्याचे सुमारे दोन तृतीयांश काम नलिकेच्या अगदी पहिल्या, वळणदार भागात होते. तिथल्या पेशींच्या पृष्ठभागावर सोडियम आत घेणारे एक प्रथिन असते. लेप्टोस्पायरा याच भागात ठाण मांडतो आणि हे सोडियमवाहक प्रथिन कमी पडते. पेशी असते, नलिका असते, पण सोडियम परत घेण्याचा दरवाजा किलकिला झालेला असतो.

पुढचे सगळे त्यातून ओघाने येते. न घेतलेले सोडियम पाणी सोबत घेऊन पुढे वाहते, म्हणून लघवी भरपूर होते. नलिकेच्या शेवटच्या भागात शरीर घाईने सोडियम वाचवू पाहते आणि त्या बदल्यात पोटॅशियम सोडते. शरीर कोरडे पडले, रक्तदाब उतरला, की आल्डोस्टेरॉन हे संप्रेरक वाढते आणि पोटॅशियम आणखी जाते. त्यातच नेफ्रॉनांच्या मधल्या ऊतीला सूज येते, मूत्रपिंडाला रक्त कमी पडते, आणि क्रिएटिनिन चढते.

मूत्रपिंड बंद पडल्याचे जे चित्र आपल्या डोक्यात असते ते नेमके याच्या उलट आहे. लघवी थांबलेली, अंगावर सूज, पोटॅशियम वाढलेले, म्हणून पाणी मोजून, शहाळे बंद, केळी बंद. ज्यांनी या घरच्यांना पाणी कमी करायला सांगितले त्यांच्यासमोर तेच चित्र असणार. पण इथे शरीरातून पाणी आणि पोटॅशियम दोन्ही वाहून चालले होते. जुलाबांनी त्यात भर घातली होती. ईसीजीवर पोटॅशियम कमी पडल्याच्या खुणा दिसत होत्या. हृदयाचा ठोका हा हृदयाच्या स्नायुपेशींच्या आत-बाहेरच्या क्षारांच्या तोलावर चालतो. रेणूच्या स्तरावर सुरू झालेली गडबड अशी थेट वरच्या इंद्रियापर्यंत पोहोचते, मधल्या कुठल्याच स्तराची परवानगी घेत नाही.

म्हणून शिरेतून सलाइन, त्यात पोटॅशियम, दर काही तासांनी रक्ताची तपासणी. किती लघवी झाली त्याचे माप ठेवून तेवढे आणि त्याहून थोडे अधिक पाणी. सोबत सेफ्ट्रायॅक्सोन हे प्रतिजैविक, रोज १ ग्रॅम शिरेतून, ७ दिवस. डायलिसिस लागलेच तर बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, हलवण्याची तयारी करून ठेवली होती, कारण लेप्टोमध्ये डायलिसिस लागायचे असेल तर ते लवकर झालेले बरे असते. ते लागले नाही. फुप्फुसांवरही सतत लक्ष होते. केशवाहिन्यांच्या अस्तराला इजा होऊन फुप्फुसात रक्तस्राव झाला तर हा आजार काही तासांत माणूस नेतो. या रुग्णाला ना खोकल्यातून रक्त आले, ना श्वास लागला.

चौथ्या दिवशी क्रिएटिनिन २.३ वर आले, पोटॅशियम ३.८ झाले, प्लेटलेट लाखाच्या वर गेल्या. नवव्या दिवशी क्रिएटिनिन १.२ होते आणि ते घरी गेले.

बरे झाल्यानंतरची कावीळ

दोन आठवड्यांनी त्यांची पत्नी काळजीने आली. माणूस जेवतो आहे, अंगणात फिरतो आहे, लघवीचा रंग साफ आहे, पण डोळे अजून पिवळे. "डॉक्टर, आत अजून काही राहिलंय का? बघा एकदा नीट." त्यांच्या बोलण्यात पुन्हा पाल्याच्या औषधाकडे वळायचा विचार स्पष्ट ऐकू येत होता, आणि तो साहजिक होता. डोळे पिवळे तोवर कावीळ आहे, असेच कुणीही म्हणणार.

रक्तात बिलिरुबिन अजून ५.२ होते. एएलटी सामान्य, लघवीत बिलिरुबिन नाही. याची उकल पुन्हा स्तरांतच होती. पित्त उलटे गळत असताना प्रक्रिया झालेले बिलिरुबिन बरेच दिवस रक्तात साचते, आणि त्यातला काही भाग अल्ब्युमिनला पक्का, न सुटणारा चिकटतो. अल्ब्युमिनचा रेणू मोठा असल्याने तो मूत्रपिंडातून गाळला जात नाही आणि यकृतालाही त्याच्यापासून बिलिरुबिन सोडवता येत नाही. त्या अल्ब्युमिनचे आयुष्य संपेपर्यंत पिवळेपणा त्याच्यासोबत राहतो. रक्तातले अल्ब्युमिन निम्मे व्हायला सुमारे तीन आठवडे लागतात. म्हणजे ऊती केव्हाच दुरुस्त झाली होती, सांधे जुळले होते, पण रेणूंच्या स्तरावर जुन्या बिघाडाचा अवशेष फिरत होता. लघवी साफ होणे आणि डोळे पिवळे राहणे या दोन गोष्टी एकत्र दिसतात त्या यामुळे.

हे समजल्यावर त्या शांत झाल्या. पाल्याचे औषध घेतले नाही. महिना संपता संपता डोळे स्वच्छ झाले. एक गोष्ट मात्र मागे राहिली: रात्री दोन-तीनदा लघवीला उठावे लागणे. मूत्रपिंडाची पाणी राखून लघवी घट्ट करण्याची क्षमता क्रिएटिनिनपेक्षा सावकाश परतते. रिपोर्ट सामान्य आला म्हणजे इंद्रियाचे प्रत्येक काम परतले असे होत नाही. हे त्यांना आधीच सांगून ठेवले होते, त्यामुळे घबराट झाली नाही.

शरीराबाहेरचे स्तर

पाठ्यपुस्तकातली यादी शरीरावर थांबत नाही. तिच्यापुढे समूह आणि परिसंस्था आहेत, आणि या आजारात त्या वगळून चालत नाही.

उंदराच्या मूत्रपिंडातही लेप्टोस्पायरा त्याच पहिल्या वळणदार नलिकेत राहतो. फरक एवढाच की उंदीर आजारी पडत नाही. महिनोन्‌महिने तो निरोगी हिंडतो आणि लघवीतून जिवाणू सोडत राहतो. तीच नलिका, तोच जिवाणू, पण एका प्राण्यात तो भाडेकरू आणि दुसऱ्यात मारेकरी. नलिकेचे वर्णन कितीही बारकाईने केले तरी हा फरक तिच्यातून कळत नाही. त्यासाठी सबंध प्राणी, त्याची प्रतिकारसंस्था आणि जिवाणूशी असलेले त्याचे जुने नाते पाहावे लागते.

गोव्यात पावसाळ्यात साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. खाजनात तो आवश्यकच असतो, कारण त्याच पाण्याने जमिनीतला खारटपणा धुऊन निघतो आणि मग भात लावता येतो. त्याच पाण्याने बांधांतली उंदरांची बिळे भरतात, गोठ्यांकडचे सांडपाणी शेतात उतरते, आणि जिवाणू ओल्या मातीत आठवडेच्या आठवडे तग धरतो. खारट पाण्यात त्याचा निभाव लागत नाही. गोडे, साचलेले, उबदार पाणी त्याला मानवते. लावणीचा हंगाम आणि लेप्टोचा हंगाम एकाच वेळी येतात त्याचे कारण हे. शहर त्याला अपवाद नाही: जुलै २००५ च्या मुंबईतल्या महापुरानंतर तिथे लेप्टोची साथ आली होती.

पायात गमबूट घाला, असे सांगणे सोपे आहे. गुडघाभर चिखलात गमबूट रुततो, त्यात पाणी शिरते, पाऊल उचलत नाही. लावणी करणाऱ्या बायका हे ऐकून हसतात आणि त्यांचे बरोबर असते. त्यापेक्षा भेग किंवा जखम असलेल्या माणसाने चिखलणीला न उतरणे, ती बरी होईतो बांधावरचे काम घेणे, शेतातून आल्यावर लगेच साबणाने पाय धुणे, आणि हंगामाच्या काळात डॉक्टरांच्या सल्ल्याने आठवड्याला डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाचा २०० मिलिग्रॅमचा डोस घेणे हे अधिक झेपणारे उपाय आहेत. गरोदर बायका आणि लहान मुलांना हे औषध चालत नाही, म्हणून सरसकट वाटप करता येत नाही.

रुग्ण दाखल झाला त्याच दिवशी भाच्याला एक काम दिले होते: मामासोबत त्या शेतांत लावणीला कोण कोण होते त्यांची नावे काढ आणि कुणाला ताप आहे का ते विचार. त्याने ते संध्याकाळपर्यंत केले. त्यांतल्या एका शेजारणीला तीन दिवसांपासून ताप होता, पोटऱ्या दुखत होत्या, डोळे लाल होते. कावीळ नव्हती, म्हणून ती फ्लू समजून घरीच पडून होती. तिचे बिलिरुबिन, क्रिएटिनिन, पोटॅशियम सगळे सामान्य आले. लेप्टोची लागण झालेल्या बहुसंख्य लोकांना असाच, काविळीविना, साध्या तापासारखा आजार होतो. तिला डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, ७ दिवस दिले. ती दाखल झाली नाही, आणि तिचे रक्त आठवड्याने पुन्हा तपासले तेव्हाही यकृत-मूत्रपिंडाचे आकडे जागच्या जागी होते.